कॅस्तेल्लो, एर्लेबाख, बीबर जुन्या वाद्यांवर वाजवायचेत, सुरुवात कुठून करू?

मधला_सूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं आहोत, दोन व्हायोलिन, एक गांबा (चेलोसारखं, पण पडदे बांधलेलं जुनं वाद्य; वाजवणारा मूळचा चेलोवाला, पण गेली तीन वर्षं गांबातच रमलाय) आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य). आजवर कोरेल्ली, हँडल, टेलेमान एवढंच वाजवत आलो आणि तेही आताच्या व्हायोलिनवर, स्टीलच्या तारा, नेहमीचा बो (गज), ए चा सूर ४४० हर्ट्झला. आता तासाभराचा एक कार्यक्रम करायचाय ज्यात सतराव्या शतकातलं, सहसा कुणी न ऐकलेलंच असेल. यादी साधारण अशी ठरतेय: दारिओ कॅस्तेल्लोच्या १६२९ च्या दुसऱ्या पुस्तकातली दहावी सोनाटा, इझाबेला लेओनार्दाच्या ओपस १६ मधली एखादी, फिलिप हाइनरिश एर्लेबाखची एक आणि जमलंच तर बीबरच्या रोझरी सोनाटांपैकी अकरावी, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची.

अडचण अशी की कॅस्तेल्लोवर महिनाभर घासतोय आणि ती उभीच राहत नाहीये. सूर बरोबर, ताल बरोबर, तरी तुकडे नुसते एकापुढे एक ठेवल्यासारखे वाटतात, थोडा वेळ जोरात मग एकदम संथ मग परत पळापळ, आणि हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळत नाही. तीच सोनाटा जुन्या वाद्यांवरच्या एका रेकॉर्डिंगमध्ये ऐकली तर अंगावर काटा आला, दोन माणसं कडाकडा भांडतायत आणि मग एकमेकांची समजूत काढतायत असं वाटलं. मग चुकतंय कुठे, आमच्या हातात का वाद्यात? वाद्यात असेल तर सगळं एकदम बदलणं शक्य नाही, आधी काय बदलू? ४१५ ला उतरायचं का? आणि बीबरसाठी तारांची अदलाबदल करतात ते भर कार्यक्रमात कसं जमवायचं?

आतड्याची_तार

आधी बो बदला. व्हायोलिन आहे ते राहू दे, तारासुद्धा महिनाभर राहू देत, पण बो बदला.

आताचा बो १७८० च्या आसपास फ्रान्स्वा तूर्त या पॅरिसच्या कारागिराच्या हातून या रूपाला आला आणि त्याचं कामच मुळी टोकापासून मुठीपर्यंत सारखा आवाज देणं, लांबच लांब ओळ न तुटता ओढणं. बरोक बोची काठी केसांपासून बाहेरच्या बाजूला फुगलेली असते, टोक हलकं असतं, आणि कॅस्तेल्लोच्या काळातला तर लांबीलाही आखूड. त्याने ओढलेला सूर आपसूक उमलतो आणि आपसूक विरतो. डाउन-बो जड पडतो, अप-बो हलका, तुम्ही काही न करता. म्हणजे दोन सुरांच्या मधे श्वास येतो, आणि कॅस्तेल्लोसारख्या माणसाचं संगीत सगळं त्या श्वासावर उभं आहे, बोलण्यासारखं आहे ते. आताच्या बोने तुम्ही प्रत्येक सूर शेवटपर्यंत भरून काढता, मग वाक्य संपलं कुठे आणि नवं सुरू कुठे झालं हे ऐकणाऱ्याला कसं कळणार?

एक करून बघा. मोकळी डी तार घ्या, बरोक बो, एकाच आकाराचे चार सूर, डाउन अप डाउन अप. हाताने काहीही सारखं करायला जाऊ नका. चारही वेगळे येतील, पहिला भारदस्त, दुसरा त्याच्या मागून आल्यासारखा, तिसरा पहिल्याहून थोडा कमी. आपल्याला वर्षानुवर्षं हे पुसायला शिकवलंय, आता ते परत येऊ द्यायचंय. मला स्वतःला सहा महिने लागले, कारण उजवा हात सवयीने दाबतच राहायचा आणि हलका बो दाबला की आवाज घशात अडकतो.

मग तारा. आतड्याच्या तारा म्हणजे मेंढीचं आतडं पिळून केलेल्या, ताण कमी, सूर निघताना किंचित खरखर होते जसं बोलताना व्यंजन आधी येतं आणि स्वर मागून. ही खरखर घालवायची नाही हां, तीच तर हवी. चांदीची तार गुंडाळलेल्या जाड तारा १६६० च्या दशकात आल्या, म्हणजे कॅस्तेल्लोला सगळ्यात खालची ‘जी’ (G) तारसुद्धा नुसत्या आतड्याचीच ठाऊक. ती सावकाश बोलते, तिला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ दिला की खालचे सूर कसे वजनदार होतात बघा.

त्रास आहे, लपवत नाही. हवेत दमटपणा वाढला की तार पाणी पिते आणि सूर सरकतो. वाद्यं हॉलमध्ये तास-दीड तास आधी नेऊन ठेवा, पेटीत नाही, उघडी. तारेवर केसासारखे धागे सुटायला लागले तर ओढून तोडू नका, पूर्ण तार उसवत जाते, नेलकटरने मुळाशी कापा. वरची ई तार सगळ्यात आधी जाते, एक जास्तीची आधीच ताणून मुरवलेली जवळ असू दे कारण नवीकोरी लावली तर तो दिवस ती सूर धरणारच नाही.

खालचा_आवाज

हार्प्सिकॉर्ड कसा लावता ते तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि मला वाटतं अर्धं दुखणं तिथे आहे. पियानोसारखं सम अंतराचं ट्यूनिंग असेल तर बो बदला नाहीतर तारा, १६२९ चं हे संगीत फिकंच वाटणार.

कारण सांगतो. तानपुरा नीट जुळला की कुणी न छेडताही त्यातून गांधार ऐकू येतो ना, तो गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). सम ट्यूनिंगमधला ४०० वर. १४ सेंट चढा, आणि हार्प्सिकॉर्डवर तर हे फार बोचतं कारण त्याचा आवाज वरच्या सूक्ष्म सुरांनी भरलेला. कॅस्तेल्लोच्या काळच्या कीबोर्डवाल्यांना तो शुद्ध गांधारच हवा होता, म्हणून ते मीनटोन लावायचे, प्रत्येक पंचम साधारण साडेपाच सेंट उतरवायचा म्हणजे चार पंचम चढून आलं की गांधार बरोब्बर जागेवर. शांत स्वरसंगती इतकी शांत होते की तिच्यानंतर येणारा बेसूर ताण खरोखर चावतो. तुम्ही म्हणताय ते भांडण आणि समजूत, ती इथून येते.

आता व्हायोलिनवाल्यांसाठी महत्त्वाचं. तुम्ही मोकळ्या तारा एकमेकींशी शुद्ध पंचमात लावत असणार. गांबाच्या सी तारेपासून धरलं तर सी-जी-डी-ए-ई असे चार पंचम, सगळे शुद्ध लावले तर तुमची ई सुमारे २२ सेंट चढी येते आणि सी मेजर वाजलं की मोकळी ई किंचाळते. म्हणून प्रत्येक तार हार्प्सिकॉर्डकडून वेगळी घ्या, आपसात जुळवू नका. सुरुवातीला पंचम ढिले वाटतात, दोन तालमींत कान बसतो. गांबाचे पडदे आतड्याचे, नुसते बांधलेले असतात, ते सरकवता येतात हे त्यांना ठाऊक असेलच.

एक धोका मात्र आहे. मीनटोनमध्ये जी शार्प आणि ए फ्लॅट हे दोन निराळे सूर, मधे ४१ सेंटचं अंतर, आणि कीबोर्डवर दोघांना मिळून पट्टी एकच. सहसा जी शार्प आणि ई फ्लॅट लावतात. डी शार्प लागली तर कंटिन्युओवाल्याने (खालच्या ओळीवर स्वरसंगतीची साथ धरणाऱ्याने, म्हणजे तुमच्या हार्प्सिकॉर्डवाल्याने) ती स्वरसंगतीतून गाळायची, वरचं व्हायोलिन ती वाजवतंच आहे, हार्प्सिकॉर्डने हट्ट धरायची गरज नाही. लेओनार्दा आणि एर्लेबाख १६९० च्या दशकातले, ते जास्त भटकतात, त्यांच्यासाठी सौम्य ट्यूनिंग घ्या, पंचम थोडेच उतरवलेले. कार्यक्रमात मधे मध्यंतर ठेवून पुन्हा लावायला वेळ नसेल तर सगळ्यालाच हे सौम्य लावा, कॅस्तेल्लोची धार थोडी कमी होईल पण चालतं.

जुनी_पानं

वरच्या दोघांचं पटतंय, तरी एक बाजू मांडतो. वाद्यांच्या नादात छापील मजकूर विसरू नका.

४१५ बद्दल आधी. तो आपल्या काळात ठरवलेला सोयीचा मध्य आहे, ४४० पेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली म्हणून हार्प्सिकॉर्डचा पट्टा एक घर सरकवला की काम होतं. व्हेनिसमध्ये त्या काळी सूर चढा होता, ४६५ च्या आसपास, आणि फ्रान्समध्ये खाली, ३९२ पर्यंत. तेव्हा ४१५ घ्या, खुशाल घ्या, तारांना सोसवेल म्हणून घ्या, पण कॅस्तेल्लोला तोच सूर अभिप्रेत होता असं कार्यक्रमात सांगू नका.

आता तुमचे तुकडे. तुम्ही आताची स्वच्छ छापलेली स्कोअर (सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक दाखवणारी प्रत) वापरताय का? मूळ छपाईत स्कोअर नसतेच, प्रत्येकाची वेगळी वही, समोर फक्त आपला आवाज. त्या वहीवरून वाजवा, आयएमएसएलपी या जुन्या संगीताच्या ऑनलाइन संग्रहात प्रती मिळतात. पहिल्या तालमीत सगळे हरवतील, चालेल. समोरच्याचं दिसत नाही म्हणून ऐकावं लागतं, आणि दुसरं व्हायोलिन पहिल्याचीच ओळ उचलून उत्तर देतंय हे डोळ्यांनी आधी दिसण्याऐवजी कानाला कळतं. तेव्हा उत्तर खरं उत्तर होतं. आणि भाग बदलताना थांबून मोजून पुढे जाऊ नका, तिथे कंटिन्युओचा हात ठरवतो, शेवटचा सूर किती मुरवायचा आणि पुढचा कधी टाकायचा. व्हायोलिनवाल्यांनी त्या हाताकडे बघायचं. मला वाटतं तुमची सोनाटा नेमकी या सांध्यांवर मोडतेय.

अजून एक. कॅस्तेल्लोने वरच्या आवाजाला नुसतं सोप्रानो म्हटलंय, व्हायोलिन असं बांधून घातलं नाही. कॉर्नेत्तो या फुंकून वाजवायच्या जुन्या लाकडी वाद्यावरही हे वाजायचं, तो स्वतः व्हेनिसमध्ये वायुवाद्यांच्या ताफ्याचा प्रमुख होता. भरभर जाणारे सूर बोने घासण्याऐवजी जिभेने टाकल्यासारखे सुटे करून बघा, बो तारेला जेमतेम शिवतो असं.

आणि त्याने वाचकांसाठी एक टीप छापलीय, तिचा मथितार्थ असा की या सोनाटा पहिल्यांदा अवघड वाटतील पण एकदाच वाजवून सोडून देऊ नका. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याला धीर देतोय, मला दरवेळी भरून येतं.

चार_खुंट्या

बीबरचं मी सांगते, मी अकरावी तीन-चारदा वाजवलीय.

रोझरी सोनाटा पंधरा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनची पासाकालिया. पहिली सोनाटा आणि पासाकालिया सोडली तर प्रत्येकीचं ट्यूनिंग निराळं, चौदा तऱ्हा. अकरावीत मधल्या दोन तारा चक्क ओलांडतात, घोडीच्या खाली एकदा आणि खुंट्यांच्या पेटीत एकदा, म्हणजे घोडीच्या मागे तारांचा क्रूस दिसतो. मग खालून जी-जी-डी-डी, एका सप्तकाच्या अंतराच्या दोन जोड्या. ए तार एक सूर खाली जी ला येते, ई तार एक सूर खाली डी ला, बाकीच्या दोन आपापल्या सुरात, म्हणून तारा तुटण्याची भीती तशी कमी.

पण भर कार्यक्रमात हे करू नका. दुसरं व्हायोलिन लागतंच. उसनं घ्या, आदल्या दिवशी त्या ट्यूनिंगमध्ये लावून ठेवा, संध्याकाळी परत, सकाळी परत. आतड्याची तार नव्या ताणात मुरायला वेळ घेते.

आणि डोकं कसं फिरतं तेही सांगते. लिहिलेला सूर म्हणजे बोट कुठे ठेवायचं एवढंच, ऐकू येतं भलतंच. मधल्या तारा उलटल्यामुळे कागदावर सूर चढतोय आणि कानात उतरतोय असंही होतं. पहिले दोन आठवडे सूर मनात गाऊच नका, फक्त बोटं वाचा. मग एका टप्प्यावर दोन सप्तकांमध्ये एक जुनी ईस्टरची धून दोन्ही तारांवर एकदम येते, सगळं व्हायोलिन छातीपाशी थरथरतं. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हा आवाज निघणं शक्य नाही.

एर्लेबाख ठेवाच, काढू नका. सहा सोनाटा १६९४ साली न्यूरेम्बर्गला छापल्या गेल्या म्हणून वाचल्या, त्याचं बाकी बरंचसं संगीत १७३५ मध्ये रुडोल्श्टाटच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत गेलं. त्यात व्हायोलिन आणि गांबा बरोबरीचे आहेत, तुमच्या गांबावाल्या दादांना नुसतं बेस धरून बसावं लागणार नाही. ते जमलं तर पुढे बुक्स्टेहुडेचे ओपस १ आणि २ त्याच जुळणीसाठी आहेत.

मधला_सूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय काय लिहिणार.

एकच बरोक बो उसना मिळाला, आम्ही दोघी आळीपाळीने वापरतो. हार्प्सिकॉर्ड मीनटोनला लावला आणि तारा एकेक करून त्याच्याकडून घेतल्या. पहिली संध्याकाळ वाईट गेली, मला माझी ए बेसुरीच वाटत होती आणि मी सारखी चढवत होते, शेवटी हार्प्सिकॉर्डवाल्याने एफ धरून ठेवला आणि म्हणाला, आता त्यावर ए लाव, घाई करू नकोस. मी हळूहळू उतरवत गेले आणि एका जागी ते दोन सूर एकमेकांत मिसळून एकच झाले, खोलीत तिसराच कुणीतरी खाली गुणगुणतोय असं ऐकू आलं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

वहीवरून वाजवताना चारदा हरवलो. पाचव्यांदा शेवटपर्यंत गेलो, आणि सांध्यावर मी मोजणं सोडून त्याच्या हाताकडे बघत होते, तो थांबला, मी श्वास घेतला, आणि संथ भाग आपोआप सुरू झाला. गांबावाला म्हणाला आत्ता कळलं कोण कुणाशी बोलतंय ते.

बीबर या कार्यक्रमातून काढतोय, दुसरं व्हायोलिन मिळेपर्यंत. त्या जागी एर्लेबाखच्या दोन ठेवल्यात. त्यातली एक तालमीला काढली तर दुसऱ्या व्हायोलिनला, म्हणजे मला, तिच्यात काही कामच नाही, मी समोर खुर्ची टाकून नुसती ऐकत होते. गांबाची ओळ वर चढत चढत व्हायोलिनच्या वर गेली तेव्हा त्याला परत वाजवायला लावलं, दोनदा.