हातात पैसा नसताना वाईट दिवसांची तयारी करता येते का?

पागोळी

संकटाच्या तयारीबद्दल काहीही वाचायला घेतलं की पहिली ओळ ठरलेली असते: सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवा. ज्याच्याकडे सहा दिवसांचीही सोय नाही, तो माणूस तिथेच वाचणं सोडतो. मीही सोडलं होतं.

नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा आमच्याकडे शिल्लक म्हणावी अशी रक्कमच नव्हती. त्याच महिन्यात वादळ झालं, तीन दिवस वीज नव्हती आणि दुसऱ्या दिवशी नळही बंद झाला. मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या तीन दिवसांत जे हाल झाले त्यातले निम्मे तरी पैशाअभावी नव्हते. वादळाचा इशारा आदल्या दिवशीच आला होता. नळाला पाणी होतं, घरात रिकाम्या बाटल्या होत्या. भरून ठेवायला काहीही खर्च नव्हता, फक्त सुचलं नाही. वीज गेल्यावर मी दर तासाला फ्रीज उघडून काय खराब झालं ते बघत होते. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास थंडावा धरतो, हे नंतर कळलं. फोन बंद पडला तेव्हा लक्षात आलं की सख्ख्या बहिणीचा नंबरही पाठ नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की ज्याच्याकडे पैसा नाही त्यानेच तयारी आधी करावी. पैसेवाल्याची चूक पैशाने निस्तरते, आपली नाही.

आता आमच्याकडे माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी धुतलेल्या बाटल्यांमध्ये असतं. कागदपत्रं एका पिशवीत दारामागे टांगलेली. त्याच पिशवीत एका वहीत नंबर, कोणाला कोणतं औषध किती वेळा, आणि रक्तगट. शेजारच्या दोन घरांशी बोलून कोणी कोणाकडे बघायचं हेही ठरवलंय. तुम्हाला काय वाटतं?

करवत

तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

पाच माणसांचं घर धरा. माणशी चार लिटर, तीन दिवस, म्हणजे साठ लिटर पाणी. एका खोलीत पाच जण झोपतात तिथे साठ लिटर पाणी कुठे ठेवायचं? ज्यांच्या नळाला दिवसातून तासभर पाणी येतं त्यांना साठवण कोणी शिकवायची गरज नाही, ते रोजच साठवतात. गरीब माणूस तयारीत कमी पडतो हे गृहीतकच चूक आहे. त्याच्या गाठीला उरत काही नाही, एवढंच.

दुसरं, विचार करायलाही उसंत लागते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात तंग असताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, अशा दोन वेळा त्याच माणसांची चाचणी घेतली. तंगीच्या दिवसांत तीच माणसं बुद्धीच्या कोड्यांमध्ये मागे पडली. तुम्हाला त्या दिवशी बाटल्या भरायचं सुचलं नाही ना? तो तुमचा दोष नव्हता, आणि म्हणूनच तो उपदेशाने सुटणारही नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवलं की १९४१ साली दुष्काळ नव्हता, आणि १९४३मध्ये धान्य त्या वर्षापेक्षा कमी नव्हतं. किमती वाढल्या, मजुरी तेवढी वाढली नाही, आणि मजूर, कोळी, कारागीर मेले. कागदपत्रांच्या पिशवीने यातलं काय वाचलं असतं? तयारी ही व्यवस्थेने करायची गोष्ट आहे. आपण ती एकेका घरावर ढकलायला लागलो की व्यवस्थेला मोकळं रान मिळतं.

दोन_ओंजळी

करवत, व्यवस्थेने करायला हवं यात वादच नाही. पण मी आरोग्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, आणि व्यवस्था पोचेपर्यंतचे दोन-तीन दिवस कोणाच्या तरी घरातच काढायचे असतात. मुलं दगावतात ती याच दिवसांत, आणि बहुतेकदा जुलाबाने. म्हणजे खरं तर अंगातलं पाणी संपून.

जुलाबात पाण्यात कालवून द्यायचं ओआरएसचं तयार पाकीट मिळालं तर तेच वापरा. नाही मिळालं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच, वर ढीग नको. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी देऊ नका. मूल पीतच नसेल, गळून गेलं असेल, तर घरात थांबू नका. हे पाठ असायला पैसा लागत नाही. पूर आला तर हे वाहूनही जात नाही.

पाण्याचंही तसंच. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं, खूप उंच डोंगरावर असाल तर तीन मिनिटं. वीस-वीस मिनिटं उकळून इंधन जाळणारी घरं मी पाहिली आहेत.

करवत

पण त्या एका मिनिटाचं इंधन? पूर ओसरल्यावर लाकूड ओलं असतं, गॅस संपलेला असतो.

दोन_ओंजळी

मग ऊन. रंग नसलेली पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, दोन लिटरपर्यंतची, कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर दोन दिवस. पाणी आधी नितळ हवं, गढूळ पाण्यातून किरण आत जात नाहीत. ऊनही नसेल तर कपडे धुवायचं साधं, वास नसलेलं, ५-६ टक्क्यांचं ब्लीच लिटरला दोन थेंब, अर्धा तास झाकून ठेवा.

काहीच नसेल तर निदान गाळा. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉल्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. जुनी सुती साडी चार वेळा दुमडून, म्हणजे आठहून अधिक पदरांतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. साडी जुनीच बरी, धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. याने पाणी पूर्ण शुद्ध होत नाही हे लक्षात ठेवा. पण निम्मी माणसं आजारी न पडणं ही लहान गोष्ट नाही.

आणि एक विनवणी. वीज गेली, थंडी वाजतेय, म्हणून शेगडी किंवा कोळसा बंद खोलीत पेटवू नका. जनरेटरही घरात किंवा खिडकीलगत नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वादळातून वाचलेली घरं अशी गेलेली मी पाहिली आहेत.

हिशेब_वही

पैशाबद्दल कोणीच नीट बोलत नाहीये. 'पैसा नाही' म्हणजे बहुतेक घरांत पैसा येतो आणि टिकत नाही, असा अर्थ असतो. तिथे पहिलं काम कर्ज फेडणं. महिन्याला शेकडा पाच टक्क्यांनी घेतलेलं कर्ज डोक्यावर असताना डब्यात नोटा साठवणं म्हणजे दर महिन्याला त्या नोटांमधला विसावा हिस्सा फाडून टाकणं. आधी कर्ज, मग डबा.

उंबरठा

गणित बरोबर आहे, पण मी याच गणिताने दोनदा बुडाले. सगळं सावकाराला देऊन मोकळी झाले, पंधराव्या दिवशी मुलगा आजारी पडला, आणि पुन्हा त्याच्याच दारात. दुसऱ्यांदा त्याने दर वाढवला, कारण त्याला माझी गरज दिसत होती. दवाखान्याच्या एका फेरीपुरते पैसे घरात असते तर ती पायरी चढावी लागली नसती. तो डबा मला व्याज मिळवून देत नाही, पण हात पसरण्यापासून वाचवतो. शिवाय वीज आणि नेटवर्क गेलं की फोनमधला पैसा दिसतो आणि वापरता येत नाही. सुट्या नोटाच कामी येतात.

हिशेब_वही

हे मान्य. एका फेरीपुरतं ठेवा, त्यावरचं सगळं कर्जात. माझा आग्रह त्या 'वरच्या'बद्दल आहे, तो सोडणार नाही.

अजून एक, यालाही खर्च नाही. उत्पन्न थांबलं की हप्ता किंवा भाडं चुकायच्या आधी जाऊन बोला. चुकल्यानंतर गेलं तर आपण गुन्हेगार म्हणून उभे राहतो, आधी गेलं तर निदान मुदत मागता येते. लाजेपायी लोक हे टाळतात आणि त्या लाजेची किंमत फार मोठी पडते.

उंबरठा

करवत यांच्या मुद्द्याकडे परत येते. व्यवस्था आणि एकटं घर यांच्या मधे काहीच नसतं का? १९९५च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, सातशेहून अधिक माणसं गेली, कितीतरी एकेकटी, बंद खोल्यांत. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारीशेजारी असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे बरेच. तरी मृत्यूच्या प्रमाणात दहापट फरक. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं बाहेर पडत होती, तिथे कमी मेले. पागोळीताईंनी दोन घरांशी बोलून ठेवलं, ती मला त्यांच्या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

काठावरून

शेजाराचं फार गोड चित्र रंगतंय, म्हणून लिहितो. शेजारीही आपल्याइतकाच फाटका असतो. एकाचं घर जळलं तर दहा जण धावतात. पूर दहाही घरांत शिरला तर कोण कोणाकडे जाणार? भिशीचंही तेच: एकाला नड आली तर ती तारते, सगळ्यांचं काम एकदम बंद पडलं तर पहिल्याच महिन्यात मोडते. आमची मोडली.

आणि काहींना शेजारी नसतातच. मी तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या. काहींचा धोका तर घरातच असतो. मारझोड होत असलेल्या बाईने कागदांची पिशवी दारामागे टांगली तर ती सगळ्यात आधी त्याच माणसाच्या हाती लागेल.

पागोळी

काठावरून, शेवटचं वाक्य वाचून थांबले. दारामागचा खिळा मी सरसकट सगळ्यांना सुचवत होते. अशा बाईने कागदांच्या प्रती विश्वासातल्या दुसऱ्या घरी ठेवायला हव्यात, आणि नंबर पाठ करायला हवेत, लिहून नाही.

पूर सगळीकडे शिरतो याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे: एक माणूस लांबच्या गावातला ठरवायचा. संकटात गावातल्या गावात फोन लागत नाही तेव्हाही बाहेरगावी कधीकधी लागतो, आणि बोलणं होत नसलं तरी संदेश जातो. घरातल्या प्रत्येकाने त्या एकालाच कळवायचं, मी कुठे आहे. आमची ती बहीण आहे. आता तिचा नंबर धाकट्यालाही पाठ आहे.

करवत, साठ लिटरचं तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्याकडेही पलंगाखाली मावतं म्हणूनच जमलं. पण जागा नाही म्हणून शून्य लिटर, हे मला मान्य नाही. दहा लिटर म्हणजे पाच जणांचा एक दिवस, फक्त पिण्यापुरता.

आणि दोन_ओंजळी, वरच्या मजल्यावरच्या आजींचं औषध वहीत लिहायला गेले तर ते इन्सुलिन निघालं. वीज गेली तर काय करायचं?

दोन_ओंजळी

घाबरू नका. वापरात असलेली कुपी खोलीच्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात, ते आत्ताच वाचून वहीत लिहा. ऊन नको, चुलीजवळ नको. एका मातीच्या मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवा, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कुपी आतल्या मडक्यात. हवा कोरडी असेल तर चांगला गारवा राहतो. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

करवत

माझ्या मामांना घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, विजेवर चालणारं. त्याला मडकं नाही. वीज कंपनीने अशा घरांची नोंद ठेवावी, वीज घालवायची असेल तर आधी कळवावं आणि परत देताना त्या घरांना आधी द्यावी, असा अर्ज मी लिहितोय. पागोळी, तुमच्या इमारतीत अशी किती घरं आहेत ते त्याच वहीत लिहाल का? एका घराचा अर्ज कोणी वाचत नाही.

पागोळी

आज संध्याकाळी वर जाणारच आहे, आजींकडे. वही घेऊन सगळे मजले करते.