मदत हवी आहे : जमिनीखालच्या पाइपातून फायबर नेण्यासाठी रिमोटची गाडी चालेल का?

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरापासून मागच्या इमारतीपर्यंत इंटरनेटची फायबर केबल न्यायची आहे, आणि त्यासाठी अंगणातील फरशी उखडण्याऐवजी तिच्याखालचा सहा इंची, रिकामा पीव्हीसी पाइप वापरावा, असा विचार आहे. पाइपाची लांबी सुमारे ४० मीटर असून मध्ये एक काटकोनी वळण आहे.

भाच्याच्या रिमोटवर चालणाऱ्या गाडीला नायलॉनची बारीक दोरी बांधून ती पलीकडे पाठवावी आणि नंतर त्या दोरीने केबल ओढावी, असे ठरवले आहे. थेट केबल बांधल्यास एवढ्या हलक्या गाडीची चाके जागीच फिरत राहतील. गाडी अडकलीच, तर त्याच दोरीने मागे ओढता येईल (भाच्याची ही मुख्य अट आहे).

खरी शंका रेडिओ संदेशाची आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या मातीत लवकर शोषल्या जातात, त्यामुळे वळणानंतर संपर्क तुटेल, असे वाटते. रिमोट पाइपाच्या तोंडाशी धरल्याने फरक पडतो का? की दोरीला प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा बांधून पलीकडून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेणे अधिक खात्रीचे ठरेल? तसेच, जी.६५७.ए१ प्रकारची फायबर १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सोसते, पण ओढताना बाहेरच्या आवरणावर येणाऱ्या ताणाचे काय करावे? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.