तडा गेलेला मूळ इंजिन ब्लॉक वाचवायचा की नवीन पार्ट बनवून मोकळं व्हायचं?

विंटेज गाडीचं इंजिन उघडलं आणि वॉटर जॅकेटपाशी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीपाशी, तडा दिसला की लगेच सल्ले सुरू, दुसरं इंजिन बघा, नाहीतर सरळ एखाद्या नव्या गाडीचं इंजिन टाका. मला हे अजिबात पटत नाही. मूळ ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य भाग, शक्य तिथवर वाचवायलाच हवा आणि बहुतेक वेळा तो वाचतो. तड्याच्या आडवी भोकं पाडून त्यात धातूच्या पट्ट्या ठोकायच्या, मग तड्यावरून ओळीने एकात एक अडकणारे आटे पाडलेले पिन बसवायचे, याला मेटल स्टिचिंग म्हणतात. सगळं काम थंड असतं म्हणून ब्लॉक वाकत नाही. उलट ब्लॉकच्या बिडाला (कास्ट आयर्नला) घाईघाईत वेल्डिंग मारलं तर जोडाशेजारचा भाग भराभर थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो आणि नवा तडा त्याच्या बाजूलाच जातो. वेल्डिंगच करायचं तर अख्खा ब्लॉक आधी तापवा, निकेलचा वेल्डिंग रॉड वापरा आणि नंतर अगदी हळू थंड होऊ द्या, ही सगळी तयारी असेल तरच. ब्लॉकवर कोरलेल्या इंजिन नंबरवर गाडीची ओळख टिकून असते, ब्लॉक भंगारात घातला की ती गेलीच. तुमचं मत काय?

चालती_गाडी : साफ असहमत. गाडी रस्त्यावर चालण्यासाठी बनली होती. तडा बाहेरच्या भिंतीला असेल तर शिवा, कोण नाही म्हणतंय, पण दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या कडांच्या) मधे असेल तर तिथे उष्णता आणि दाब दोन्ही जबरदस्त, तिथली दुरुस्ती टिकेल या भरवशावर मी घरच्यांना मागे बसवून लांबचा प्रवास करणार नाही. आणि पार्ट मिळतच नाहीत हे रडगाणं सरसकट खरं नाहीये, फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ मधे दीड कोटीच्या आसपास बनली, तिचे पार्ट आजही नव्याने बनतात. दुसऱ्या टोकाला पोर्शे ९५९, फक्त काहीशे गाड्या, तरी तिच्या क्लचचा रिलीज लिव्हर कंपनीनेच धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवला. कंपनीला स्वतःच्या गाडीत नवीन पार्ट चालतो तर आपणच का अडून बसायचं?

ओतकाम_वेडा : लिव्हर आणि ब्लॉक यात फार फरक आहे हो. प्रिंटिंगचा खरा उपयोग मला वाळूच्या साच्यात दिसतो, लाकडी पॅटर्न (पार्टचा नमुना) न करता साचाच छापायचा आणि त्यात बीड ओतायचं. पण जुना पार्ट स्कॅन करून जशाच्या तशा मापाचा साचा केला तर फसाल, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे ४०० मिमीच्या पार्टमधे ४ मिमीचा फरक, शिवाय जिथे मशिनिंग करायचं तिथे जास्तीचा माल ठेवावा लागतो तो वेगळाच. मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा पुरवणारा किंवा धूर बाहेर नेणारा नळ), वॉटर पंपाची बॉडी असल्या पार्टना हा मार्ग एकदम चांगला. ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटा मात्र बाहेरून दिसतच नाहीत.

मूळरूप : धागाकर्त्याशी सहमत, पण मला ब्लॉकपेक्षा बेअरिंगची काळजी वाटते. जुन्या इंजिनांत व्हाइट मेटल, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मिश्रधातू, बेअरिंगच्या जागेवरच ओतून मग आतून कोरून मापात आणायचे. हे नीट जमणारे कारागीर कमी होत चाललेत म्हणून लोक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) कापून नवीन शेल बेअरिंग, म्हणजे तयार मिळणाऱ्या पातळ अर्धगोल पट्ट्या, बसवतात. एकदा कापलेलं परत येत नाही! १९६६ पासून काम करणारी ऐतिहासिक गाड्यांची जागतिक संघटना फिवा, तिच्या ट्युरिन सनदेत जतनाला पहिला मान दिलाय आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवायला सांगितलंय. सगळ्यांनी निदान तेवढं तरी पाळावं.

चालती_गाडी : नोंद ठेवायला माझा विरोध नाही. पण रॉडच्या बाबतीत जुनं ते सोनं म्हणणं धोक्याचं आहे. रॉड हजारो तास ताण सोसून थकलेला असतो, बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, मॅग्नेटिक टेस्ट (चुंबकाने चीर शोधायची तपासणी) केल्याशिवाय बसवूच नये. तो फिरत्या इंजिनात तुटला तर ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो, मग ज्या ब्लॉकसाठी एवढं भांडताय तोच जाईल.

धागाकर्ता : रॉडचं शंभर टक्के मान्य, चीर सापडली की दुरुस्ती नाही, नवीनच. पण काढलेला फेकू नका, मापं त्याच्यावरूनच घ्यायची आहेत. आणि नवीन बनवलेल्या प्रत्येक पार्टवर, दिसणार नाही अशा जागी का होईना, बनवल्याचं साल कोरा, म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक होणार नाही.

गास्केट_गुरू : एक राहिलं. जुना पण न वापरलेला माल मिळाला की लोक हरखतात. गिअर, शाफ्ट असेल तर जरूर घ्या. रबरी सील आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) मात्र डबाबंद असला तरी कडक झालेला असतो, आणि इथेनॉलवाल्या पेट्रोलमधे जुनं रबर लवकर खराब होतं. तिथे नवीन मटेरियलच लावा, मूळपणाचा हट्ट नको.

चालती_गाडी : साल कोरायचं पटलं. पण बिडाचे जड पिस्टन काढून मी ॲल्युमिनियमचेच घालणार. ते गरम झाल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतात म्हणून बोअरमधली (सिलिंडरच्या भोकातली) फट जास्त ठेवावी लागते, वजन बदललं म्हणून बॅलन्सिंगही परत करावं लागतं, ते सगळं करीन. मूळ पिस्टन ग्रीस लावून जपून ठेवीन.

मूळरूप : आणि त्यासाठी बोअर मोठा केलात तर ते मूळ पिस्टन बसणार कशात? आधी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) टाकून बोअर मूळ मापावर आणा, मग बोलू.