अनान्सी, डुएन आणि आपली पोरं: तुमचे अनुभव लिहा

परवा लेकीने विचारलं, "आई, लारा आणि गेल लहानपणी कुठल्या गोष्टी ऐकायचे गं?" वेस्ट इंडिज म्हटल्यावर मला क्रिकेटपलीकडे काही सुचेना. तिथे राहून आलेल्यांनी, तिथल्या लोकांच्या शेजारात राहणाऱ्यांनी लिहा ना. पोरांना काय आवडलं, कशाची भीती वाटली, काहीही चालेल.

*

आम्ही लंडनला, ब्रिक्स्टनजवळ. शेजारच्या जमैकन आजी मुलाला सांभाळायच्या, त्यांच्यामुळे अनान्सी घरात शिरला. हा कोळी (आठ पायांचा, जाळं विणणारा) मूळचा घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींतला. गुलामांच्या जहाजांतून जमैकात पोचलेला. जगातल्या सगळ्या गोष्टी वाघाच्या नावावर असतात. त्या आपल्या नावावर करून घ्यायला हा सापाला जिवंत आणायचं कबूल करतो. सापाला म्हणतो, "तू बांबूपेक्षा लांब आहेस म्हणे. जरा आडवा हो, मापून बघू." आधी शेपटी बांधली, मग मधला भाग, मग डोकं. झालं! गोष्ट संपली की आजी म्हणायच्या, "जॅक मँडोरा, मी नो चूझ नन." म्हणजे गोष्ट अशी आहे बाबा, माझ्याकडे बोट दाखवू नका. आता दूध सांडलं की चिरंजीव हेच म्हणतात.

*

त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला चार वर्षं होतो. एकदा तिन्हीसांजेला फाटकातून मुलीला नाव घेऊन जोरात हाक मारली, तर शेजारीण धावतच आली. नाव नका घेऊ, डुएन ऐकतात! बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचे हे आत्मे. चेहरा नाही, डोक्यावर मोठी गवती टोपी, पावलं उलटी. नाव कळलं की हाका मारत पोराला रानात नेतात. मी म्हटलं, उलटी पावलं तर आमच्या हडळीची! शेजारणीचे पूर्वज मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून आलेले (तिथे पहिलं जहाज १८४५ साली लागलं). बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत तिलाही माहीत होतं, फक्त ती त्याला 'चुराइल' म्हणायची. त्या दिवसापासून आमच्याकडे संध्याकाळी नुसतं "अगं ए!"

*

थोडं विषयांतर. १९७१ च्या दौऱ्यात गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या आणि त्रिनिदादचा गायक लॉर्ड रिलेटर याने त्याच्यावर कॅलिप्सो (तिथल्या ढंगाचं गाणं) रचलं. बाबा मला तेच गाऊन झोपवायचे. अंगाई वगैरे काही नाही.

*

टोरांटो. इथल्या वाचनालयात एक त्रिनिदादच्या बाई गोष्टी सांगतात. त्या "क्रिक!" म्हणाल्या की पोरांनी "क्रॅक!" ओरडायचं. त्या दिवशी सुकूयाँची गोष्ट होती. ही म्हातारी रात्री कातडं उतरवून उखळात ठेवते आणि आगीचा गोळा होऊन रक्त प्यायला निघते. उपाय म्हणजे दारात तांदूळ सांडायचे. दाणा न् दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही, तोवर उजाडतं. आमच्या सहा वर्षांच्या महाशयांनी रात्री गुपचूप बासमतीचा अख्खा डबा उंबऱ्यावर रिकामा केला. सकाळी मी खाली बसून दाणे गोळा करत होते, तर हा जिन्यातूनच विचारतोय, "आई, तू मोजत नाहीयेस ना?"