नॉर्वेतली फ्लॉमची रेल्वे, कोणी गेलंय का?

सीताबर्डीकर: भाऊ, जूनमध्ये ओस्लोहून बर्गनला जाऊन राह्यलो, मधात मिरदालला उतरून फ्लॉमची गाडी घ्यायची का? आपल्या छिंदवाड्याच्या जुन्या नॅरोगेजसारखीच ना ते?

धंतोली_७७: नॅरोगेज नाही राजा, स्टँडर्ड गेज आहे, म्हणजे नॅरोगेजपेक्षा रुंद रूळ. 20 किलोमीटरमध्ये गाडी 867 मीटरवरून थेट फ्योर्डकाठी (डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी) उतरते, चढ जास्तीत जास्त 18 मीटरला 1 मीटर, अन् दातेरी रूळ नाही बरं का, साध्याच रुळावर, 20 बोगदे त्यातले 18 हातानं खोदलेले. तासभर लागते. चोसफॉसेन धबधब्यापाशी थांबते, तिथं भिजाल.

सीताबर्डीकर: अन् मिरदालला टॅक्सी?

धंतोली_७७: गाडीरस्ताच नाही तिथं! त्याच ओस्लो-बर्गन मार्गावरच्या फिन्से स्टेशनालाही तसंच, 1222 मीटर उंचीवर, सगळं रेल्वेनंच येते.

इतवारीचा_पोट्टा: जूनमध्येही स्वेटर ठेवजा, नागपूरच्या ४५ डिग्रीतून जाऊन राह्यले तुम्ही 😄