रागाचाही तास घ्यायचा का?

केळीबाग_मास्तर: रावेरकडची शाळा. नववीतल्या पोराला मधल्या सुट्टीत बापाचं नाव घेऊन चिडवलं, त्यानं कंपासपेटी समोरच्याच्या डोक्यात घातली. तीन टाके. मुख्याध्यापक म्हणाले, दाखला द्या हातात. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत आठवड्याचा एक तास मला द्या. मिळाला तो खेळाचा (पोरं त्यावरच जास्त चिडली).

रागाची वही ठेवायला लावली. काय झालं, अंगात आधी कुठं कळलं, मग काय केलं. कुणाचे कान तापतात, कुणाच्या मुठी वळतात. ते ओळखलं की लांब श्वास, ठरवलेलं एक वाक्य मनात, आणि तिथून उठून जाणं. हे सगळं डोकं थंड असताना, लुटुपुटीचं भांडण लावून घोटून घ्यायचं. मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको यांनी १९७५ मध्ये मोठ्या माणसांसाठी अशीच पद्धत मांडली होती; पुढं ती किशोरांसाठी वळवली गेली. सगळ्या शाळांनी करावं असं माझं मत. बोला.

कपाशी_४५_डिग्री: दोन कानाखाली बसल्या की आमचा राग पळायचा, सर. वही लागली नाही.

केळीबाग_मास्तर: पळायचा नाही भाऊ, घरी धाकट्याच्या पाठीवर उतरायचा. आणि शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७ वाचा: पोराला मारायला बंदी आहे.

कपाशी_४५_डिग्री: तो कायदा सहा ते चौदा वयाचा. नववीतलं पोरगं पंधराचं.

केळीबाग_मास्तर: म्हणजे वाढदिवसाला केक आणि छडी?

भुसावळ_लोको: तास कशाला? पोत्यात भुसा भरून टांगा, मारू द्या बुक्क्या. वाफ जाते.

केळीबाग_मास्तर: नाही जात. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

धुळ्याची_आई: मला दुसराच राग येतोय. बापावरून बोलणारी टोळी मोकळी, आणि श्वास मोजायचा तो यानं? चिडवणाऱ्यांचा तास कोण घेणार? आमच्याकडे तर भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जातं. तिथं पोरानं मनात कुठलं वाक्य म्हणायचं तेही सांगा.

केळीबाग_मास्तर: ताई, टोळीचं पटलं. चिडवणारी ती चार पोरंही तासाला बसवायला हवी होती, मी फक्त चिडणाऱ्यांनाच धरलं. घरच्या ताटावर माझ्याकडे उत्तर नाही. पोराला आधी सुरक्षित ठेवा. १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

कपाशी_४५_डिग्री: बघा, शेवटी फोन नंबरच.

अहिराणी_भो: ते ऱ्हाऊ द्या. त्या पोर्‍यानं पुढे काय व्हयनं, सर?

केळीबाग_मास्तर: दाखला वाचला. वहीत अकरा प्रसंग आहेत. सात वेळा उठून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आला. दोन बोटं वर केली की विचारपूस न करता सोडायचं, असं सगळ्या शिक्षकांशी ठरलंय. एक सर मात्र सोडत नाहीत, म्हणतात शिस्त बिघडते. उरलेले चारही प्रसंग त्यांच्याच तासाचे.