गॅलरीतला किल्ला: काय पेरू, आणि चार वर्षांच्या मुलाला कोणतं काम देऊ?

तिसरा_मजला
नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. मुलगी सातची, मुलगा चारचा. सहामाही परीक्षा शुक्रवारी संपली की शनिवारी सकाळपासून किल्ला, असं घरात ठरलंय. चौकात प्लास्टरचे तयार किल्ले आलेत, अगदी बुरूज रंगवलेले. ते आणायचे नाहीत यावर मी ठाम आहे. पोरांचे हात कोपरापर्यंत मातीत जायला हवेत, नाहीतर किल्ला कशाला!

गॅलरी जेमतेम चार फूट रुंद. पाणी झिरपलं तर खालच्या काकूंच्या कपड्यांवर पडणार. दुपारी ऑक्टोबरचं ऊन तिथेच येतं, म्हणजे पेरलेलं वाळणार. वसुबारसेला हिरवं दिसायचं तर काय पेरू आणि कधी?

आणि खरी काळजी वेगळीच आहे. थोरली राजगडासाठी अडून बसलीय, वहीत तिन्ही माच्या काढून तयार आहेत. धाकटा जे उभं राहील ते पाडतो. त्याला 'तू लांब बस' म्हणणं माझ्या जिवावर येतं. किल्ला दोघांचा व्हायला हवा.

जुना_वाडा
ताई, आधी पाण्याचं बघा. खाली ताडपत्री, तिच्या कडा विटांवरून वर दुमडून घ्या, म्हणजे थेंब बाहेर जाणार नाही. डोंगराच्या पोटात विटा आणि फुटक्या कुंड्या ठेवा. पुठ्ठ्याची खोकी नकोत, ओल धरली की बसतात. वरून गोणपाट चिखलाच्या रबडीत बुडवून पसरा. नुसत्या मातीच्या ढिगापेक्षा वजन खूप कमी होतं आणि गोणपाटाच्या चुण्या वाळल्या की हुबेहूब कडे दिसतात.

पेरायला अळीव. तिसऱ्या दिवशी हिरवं दिसू लागतं, मोहरीला थोडा जास्त वेळ लागतो. गहू हवे असतील तर आठवडाभर आधी टाका. अळीव भिजवू मात्र नका, बुळबुळीत होऊन बोटांनाच चिकटतात. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरवा आणि कोंब दिसेपर्यंत वर ओलं फडकं ठेवा. पाणी तांब्याने न घालता फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. दुपारी जुनी ओढणी बांधा, ऊनही अडेल आणि पारवेही. पणत्या गोणपाटापासून लांब, ताटलीत.

दोन_पोरांची_आई
माती चाळायचं काम धाकट्याचं! ढेकळं फोडायला मिळाली की पाडायची हौस तिथेच भागते, आमच्याकडे तरी भागली. शिवाय पायथ्याचं गाव पूर्ण त्याचं. विहीर, शेत, गुहेतला वाघ, सगळं त्याच्या मनाप्रमाणे. मावळ्यांशेजारी त्याने डंपर उभा केला तर राहू द्या, पाहुण्यांसाठी हलवू नका.

आणि राजगडच करताय तर सुवेळा माचीवरचं नेढं विसरू नका. कड्याला आरपार भोक आहे ना, ते ओल्या मातीत पाडायला चार वर्षांचं बोट अगदी नेमकं बसतं. ताईच्या किल्ल्यात भावाशिवाय न होणारं असं एक काम राहील.

म्युनिककर
इथे अळीव क्रेसं म्हणून कुठल्याही दुकानात मिळतं. बाहेर थंडी असते, म्हणून आम्ही खिडकीच्या आत मोठ्या ट्रेमध्ये किल्ला करतो. हिरवळ छान येते.

पार्किंगवाला
माझं मत वेगळं. किल्ला खाली पार्किंगच्या कोपऱ्यात करा, सोसायटीतली सगळी पोरं येतील. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात राजगडही आहे. आमच्या इमारतीत त्यावरून मुलांनी एकमेकांना इतके प्रश्न विचारले की मोठ्यांना नकाशे काढावे लागले. गॅलरीत हे होत नाही.

तिसरा_मजला
सगळ्यांचे मनापासून आभार. पार्किंगचं पटतंय, पण धाकटा झोपेतून उठल्याबरोबर किल्ल्यापाशी जाऊन बसणारा मुलगा आहे. त्याच्यासाठी तो घरातच हवा. नेढ्याचं थोरलीला सांगितलं तर तिने लगेच वहीत तिथे भावाचं नाव लिहिलं. आता संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कशी करायची ते विचारतेय. आणि माती कुठली घेऊ?

जुना_वाडा
नर्सरीतली लाल माती घ्या, दिवाळीनंतर कुंड्यांत जाते. तटबंदीसाठी तीच घट्ट मळून दोन पट्ट्या थापा, मधे बोटभर फट ठेवा. सुकताना तडे गेले तर ओल्या बोटाने लिंपून घ्या.